नामदार गोखले आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचेच नाव प्रथम मनात आले. गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी जे अविरत कार्य केले, त्याची माहिती फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. त्यामुळे त्या कार्यातील एका विधेयकापाशी लेखणी अधिक रेंगाळली, तर वाचकांनी क्षमा करावी.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 साली ते निवर्तले आणि घरावर आकाश कोसळले. वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली व त्यातील 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. या 8 रुपयांचा विसर वाचकांनी पडू देऊ नये. पुढे ज्या पुरुषाने गरिबाच्या मुलाची फी माफ व्हावी म्हणून सरकारशी झुंज घेतली, त्याला फी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

1884 साली बी. ए. होऊन ते पुण्यास आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर शिक्षक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा गुरू लाभल्यामुळे आकड्यांची ही आवड अर्थशास्त्राकडे व राज्यकारभाराकडे वळली. सरकारी अहवाल मुळापासून वाचावा, आकडा पडताळून घ्यावा आणि मगच तोंड उघडावे, ही शिस्त रानड्यांची.

1899 साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. 1901 साली जमीन महसुलाचे विधेयक सरकारने रेटून नेले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्यासमवेत त्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षअखेर मेहतांच्या जागी ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळावर निवडले गेले. ते मंडळ म्हणजे आजची लोकसभा नव्हे. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे, आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा असली तरी मत देण्याचा अधिकार नाही.

26 मार्च 1902 रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीत 7 कोटींची शिल्लक पडली म्हणून सरकार समाधानात होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखविले की, देशात दुष्काळ व प्लेग थैमान घालीत असता ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हे. प्रजेकडून गरजेहून अधिक कर घेतला जातो, याचाच तो पुरावा आहे. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता आणि तो गरिबाच्या ताटावरच पडत होता. 1903 साली तो दोन रुपयांवर आला, 1905 साली दीड, आणि 1907 साली एक रुपयावर. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दरवर्षी मार्च महिन्यात हा विषय सरकारपुढे न चुकता मांडणारा सभासद तोच होता.

1909 च्या सुधारणांनंतर सभासदांना ठराव मांडता येऊ लागले. 25 फेब्रुवारी 1910 रोजी नाताळमध्ये गिरमिटिया मजूर पाठविणे बंद करावे, असा ठराव गोखल्यांनी मांडला व सरकारने तो स्वीकारला. 1 जुलै 1911 पासून ती भरती थांबली. सर्वच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करावी, हा 1912 चा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला.

आता शिक्षणाकडे येऊ. मोफत व सक्तीच्या शिक्षणाची मागणी प्रथम गोखल्यांनी केली असे आपल्याकडे सांगतात, ते बरोबर नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 सालीच हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी मांडली होती, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला. गोखल्यांनी हा प्रश्न साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायद्याच्या भाषेत घातला.

16 मार्च 1911 रोजी त्यांनी विधेयक मांडले. त्यात अतिरेक कोठेही नव्हता. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच शेकडा 33 च्या आसपास असेल तेथेच, स्थानिक संस्थेची इच्छा व सरकारची संमती असल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची व्हावयाची होती. मुलींसाठी सक्ती पुढे, सावकाश. ज्या पालकाचे उत्पन्न महिना 10 रुपयांपर्यंत, त्याच्या मुलाला फी नाही. खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेवर, दोन तृतीयांश सरकारवर. त्या काळी देशातील लोकसंख्येच्या शेकडा 2 माणसेही प्राथमिक शाळेत नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे ही मागणी किती संयमाची होती ते कळते.

तरीही विरोध झाला. खर्च झेपणार नाही, लोकांची तयारी नाही, ही अधिकाऱ्यांची कारणे होती. अधिक खेद वाटतो तो आपल्याच देशातील सुखवस्तू लोकांविषयी. मुले शिकली तर शेतीला मजूर कोठून आणावयाचे, अशी भीती अनेकांच्या मनात होती. प्रस्तुत लेखकाला या भीतीचे नवल वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांत माझ्या वर्गातील निम्मे बाक रिकामे पडत, आणि बोलावणे करावयास गेले की बांधावरचे सधन यजमान हसून, चार दिवसांनी काय बिघडते, असे विचारीत. त्यांत आपलेही लोक होते, हे या स्मरणिकेत लिहिण्यास मला संकोच वाटत नाही.

मालवीय, जीना, मजहरुल हक यांनी पाठिंबा दिला. दोन दिवस चर्चा होऊन 19 मार्च 1912 रोजी विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. हा निकाल गोखल्यांना आधीच दिसत होता. त्यांनी संताप केला नाही. आमच्या पिढीने अपयशानेच देशसेवा करावयाची आहे, या अर्थाचे बोलून ते पुन्हा कामास लागले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या भेटीस गेले, आणि सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या रॉयल कमिशनवर सभासद म्हणून त्यांची नेमणूक झाली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. 1914 साली देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला आणि 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाची 49 वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास त्यांचा अंत झाला.

1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याची परवानगी देणारा कायदा झाला. सबंध देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. त्या वेळी मी नोकरीत होतो. शाळाबाह्य मुलांची यादी करण्यासाठी आम्हां शिक्षकांना घरोघर फिरावे लागे. एका वीटभट्टीवर मी सात नावे लिहिली. त्यांतील पाच मुले जूनमध्ये शाळेत आली.