मेडिकल हॉस्टेलच्या तळघरात शेकडो मेंदू होते, कारण एका डॉक्टरनं प्रत्येक मृत्यूचा हिशोब ठेवला होता

अमेरिकेतलं येल विद्यापीठ. १९९० चं दशक. मेडिकलच्या पोरांच्या हॉस्टेलखाली एक कुलूपबंद तळघर होतं. रात्री-अपरात्री काही पोरं तिथं चोरून शिरायची. टॉर्च मारला की समोर काचेच्या बरण्या दिसायच्या आणि प्रत्येक बरणीत माणसाचा मेंदू. धूळ खात पडलेले शेकडो मेंदू आणि जोडीला पेशंटच्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्हज.

एखाद्या हॉरर पिक्चरचा सीन वाटावा असं सगळं. पण ती होती हिशोबाची वही. ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन कुठं जमलं, कुठं फसलं, कोण जगलं, कोण गेलं, याचा हिशोब. तो ठेवला होता डॉ. हार्वे कुशिंग यांनी.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येलमधून पदवी घेऊन गडी हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाला.

तिथं विद्यार्थी असतानाच त्यांच्यावर एका पेशंटला ईथर हुंगवायची जबाबदारी आली. त्या काळी भूल देणं म्हणजे शिकाऊ पोरांचं काम. कुणी शिकवायचं नाही, कुणी मोजमाप ठेवायचं नाही. कुशिंग यांनी ईथर दिलं आणि पेशंट दगावला.

त्यांना वाटलं, आता डॉक्टरकीच सोडावी. पण ते परत आले. त्यांचा आणि एमरी कॉडमन या वर्गमित्राचाही भूल देण्यावरून रोजचा झगडा सुरू होता. दोघांनी पैज लावली, चांगली भूल कोण देतं ते बघू, हरणाऱ्यानं जेवण द्यायचं. त्यासाठी दोघं ऑपरेशन चालू असताना पेशंटची नाडी आणि श्वास कागदावर टिपू लागले. १८९४ च्या सुमाराला सुरू झालेले हे तक्ते म्हणजे भूलशास्त्रातल्या नोंदींची सुरुवात मानली जाते. आज कुठल्याही ऑपरेशनच्या फाईलमध्ये असतो तो अॅनेस्थेशिया चार्ट, त्याचा हा पूर्वज.

चूक झाली की ती लपवायची नाही, मोजायची. ही सवय त्यांना इथं लागली.

पुढे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते सर्जरी शिकले. हॉल्स्टेड अतिशय सावकाश, रक्ताचा थेंब न सांडता काम करायचे. १९००-०१ मध्ये कुशिंग युरोपात गेले. स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर यांच्याकडे त्यांनी प्रयोग केले आणि कवटीच्या आतला दाब वाढला की शरीर रक्तदाब वाढवतं हे दाखवून दिलं. इटलीतल्या पाविया शहरात त्यांना रक्तदाब मोजायचं पट्ट्याचं यंत्र दिसलं. ते त्यांनी अमेरिकेत नेलं आणि ऑपरेशन टेबलावर वापरायला लावलं.

आता प्रश्न असा की त्या काळी मेंदूचं ऑपरेशन करायला सर्जन का घाबरायचे?

कारण कवटी उघडली की आत साठलेल्या दाबानं मेंदू फुगून बाहेर यायचा. रक्त थांबवायचं म्हटलं, तर मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना नेहमीसारखी गाठ मारता यायची नाही. ट्यूमर नेमका कुठं आहे ते दाखवणारं सीटी स्कॅन, एमआरआय काही नव्हतं. बोट घालून पटकन गाठ ओढून काढायची, असा खाक्या. कितीतरी पेशंट टेबलावरच जायचे.

कुशिंग यांच्याही हातून सुरुवातीला माणसं गेली. मग त्यांनी एकेक कारण धरलं. दाब कमी करायला कानाच्या वर कवटीला खिडकी पाडली. १९११ मध्ये रक्तवाहिनी चिमटीत धरून बंद करणाऱ्या चांदीच्या बारक्या क्लिप आणल्या. डोक्याची त्वचा थराथरानं शिवली. एकेक ऑपरेशन तासन् तास चालायचं. आणि संध्याकाळी दमूनभागून बसले की काय केलं ते स्वतःच्या हातानं चित्र काढून फाईलला लावायचे.

१९१० मध्ये त्यांच्याकडे जनरल लेनर्ड वुड आले. ट्यूमरमुळे त्यांना झटके यायचे, डावा पाय साथ देत नव्हता. कुशिंग यांनी दोन टप्प्यांत गाठ काढली. वुड चालू लागले, अमेरिकी लष्कराचे प्रमुख झाले आणि कुशिंग यांचं नाव जगभर पोचलं.

१९१२ मध्ये त्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीवर पुस्तक लिहिलं. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय बारीक, अशा पेशंटचं कोडं त्यांनी १९३२ मध्ये या ग्रंथीतल्या बारीक गाठीशी जोडलं. तोच आजचा कुशिंग डिसीज.

पण हिशोब पूर्ण व्हायचा तर गेलेल्या पेशंटचा मेंदू तपासायला हवा. कुशिंग त्यासाठी हट्टाला पेटायचे. एका महाकाय माणसाची पिट्युटरी मिळावी म्हणून त्यांच्या माणसांनी अंत्यविधी करणाऱ्याला पैसे चारले होते. आज असं केलं तर डॉक्टरकीचा परवाना जाईल.

१९२६ हे साल त्यांच्यासाठी सगळंच घेऊन आलं. आपले गुरुतुल्य डॉक्टर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर मिळालं. पर्सिव्हल बेली यांच्यासोबत त्यांनी ग्लायोमा या ट्यूमरची वर्गवारी छापली. कोणता ट्यूमर सावकाश वाढतो, कोणता झपाट्यानं जीव घेतो, हे डॉक्टरांना त्यातून कळू लागलं.

त्याच वर्षी जूनमध्ये, येलमध्ये शिकणारा त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. सकाळी बातमी आली. कुशिंग यांनी बायकोला फोन करून कळवलं आणि ठरलेलं ऑपरेशन करायला निघून गेले. घरासाठी त्यांच्याकडे वेळ कधीच नव्हता. ज्युनियर डॉक्टरांवर तर ते असे बरसायचे की कित्येक जण रडकुंडीला यायचे.

१ ऑक्टोबर १९२६ ला त्यांनी विल्यम बोवी या शास्त्रज्ञाचं विजेवर चालणारं यंत्र थिएटरमध्ये आणलं. काही दिवसांपूर्वी फार रक्त गेल्यामुळे अर्धवट सोडलेला ट्यूमर त्यांनी या यंत्रानं काढला. मग मागं परत पाठवलेल्या पेशंटना त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. हे त्यांना जमलं, कारण कोण, कुठं, कशामुळे राहिलं याची नोंद त्यांच्याकडे होती.

दुसऱ्या वर्षी जनरल वुड परत आले. ट्यूमर पुन्हा वाढला होता. यावेळी ऑपरेशननंतर वुड वाचले नाहीत. हा घाव कुशिंग यांना फार लागला. वुड यांचा मेंदूही बरणीत गेला, बाकीच्यांसारखाच.

या सगळ्या बरण्यांचा कारभार बघायच्या लुईस आयझेनहार्ट. कुशिंग यांच्याकडे त्या लिखाणातल्या मदतनीस म्हणून आल्या, मग स्वतः डॉक्टर झाल्या आणि ट्यूमर तपासणाऱ्या जगातल्या मोठ्या तज्ज्ञ ठरल्या. प्रत्येक ट्यूमरची आणि प्रत्येक पेशंटची नोंद त्या ठेवायच्या. घरी गेलेल्या पेशंटनीही तब्येतीचं पत्र पाठवत राहावं, असा कुशिंग यांचा आग्रह असायचा.

एप्रिल १९३१ मध्ये कुशिंग यांनी तपासून पक्क्या झालेल्या ब्रेन ट्यूमरचं दोन हजारावं ऑपरेशन केलं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा इतर सर्जनकडे निम्म्याच्या आसपास पेशंट दगावायचे. त्यांच्याकडे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं होतं. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं मात्र कधीच नाही.

निवृत्तीनंतर ते येलला परतले आणि बरण्याही तिकडे आल्या. ७ ऑक्टोबर १९३९ ला हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. शवविच्छेदन झालं तेव्हा खुद्द त्यांच्याच मेंदूत एक छोटी गाठ सापडली. निरुपद्रवी होती, जन्मभर तिनं त्रास दिला नव्हता.

पुढे काळ बदलला, बरण्या अडगळ झाल्या आणि तळघरात गेल्या. चोरून शिरणाऱ्या पोरांमुळे त्यांची पुन्हा आठवण झाली. बरण्या साफ झाल्या, फुटक्या बदलल्या आणि २०१० मध्ये येलच्या मेडिकल लायब्ररीत कुशिंग सेंटर उघडलं. आता तिथं जायला टॉर्च लागत नाही. दिव्याच्या उजेडात रांगेनं मेंदू मांडलेत. त्यातल्या अनेकांना कुशिंग वाचवू शकले नव्हते.