जोसेफीनबाईंचे यंत्र

पंगतीचा थाट सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु पंगत उठल्यावर साठणाऱ्या उष्ट्या भांड्यांच्या ढिगाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. मनुष्याने आगगाडी धाववली, तारायंत्राने समुद्रापार निरोप धाडले. तरी जेवणाची भांडी धुण्याचे काम मात्र एकोणिसावे शतक संपत आले तरी हातांनीच चालले होते. हे काम यंत्राकडून यशस्वी रीतीने करून घेण्याचा मान कोणा नामांकित शास्त्रज्ञाला मिळाला नाही. तो मिळाला अमेरिकेतील एका लहानशा गावात राहणाऱ्या एका गृहिणीला. त्या बाईंचे नाव जोसेफीन कॉक्रेन.

जोसेफीनबाईंचा जन्म ८ मार्च १८३९ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओहायो राज्यात झाला. त्यांचे वडील जॉन गॅरिस हे स्थापत्यविशारद होते. पाणचक्क्या, बांधकामे आणि यंत्रे यांच्या गोष्टी त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत. आगबोटीच्या आद्य शोधकांपैकी एक जॉन फिच हे त्यांचे आईकडून पूर्वज होत, असे सांगतात. तथापि त्या काळी मुलींना यंत्रविद्येचे शिक्षण कोठेच मिळत नसे. जोसेफीनबाईंनाही ते मिळाले नाही. पुढे इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल या गावी त्या बहिणीकडे राहावयास गेल्या आणि तेथेच १८५८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विल्यम कॉक्रन या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला.

कॉक्रन यांचा कापडाचा व्यापार भरभराटीत होता. १८७० साली हे कुटुंब एका प्रशस्त घरात राहू लागले. घरी पाहुण्यांचा राबता मोठा असे. अशा प्रसंगी जोसेफीनबाई घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली चिनी मातीची नाजूक भांडी बाहेर काढीत. जेवणे आटोपली की नोकर ती धूत. परंतु पुढे केव्हातरी पाहावे, तो कोठे कपाची कड उडालेली, तर कोठे बशीचा टवका निघालेला! जोसेफीनबाईंना याचे फार वाईट वाटे. अखेरीस त्यांनी नोकरांना त्या भांड्यांना हात लावण्याची मनाई केली आणि त्या स्वतःच ती धुऊ लागल्या.

त्यांनी येथवर जे केले ते कोणीही केले असते. नोकरांवर रागावणे सोपे असते. परंतु स्वतःचे हात साबणाच्या पाण्यात बुडाले तेव्हा हे काम किती कंटाळवाणे आणि किती वेळखाऊ आहे हे त्यांना उमगले. साबणाने निसरडी झालेली बशी हातातून सुटते, भांडे भांड्यावर आपटते आणि टवका उडतो. म्हणजे दोष केवळ धुणाऱ्याच्या हातात नव्हता. तो धुण्याच्या रीतीतच होता. मग ही रीतच का बदलू नये? या प्रश्नापासून जोसेफीनबाईंचे खरे जीवनकार्य सुरू झाले.

भांडी धुण्याची यंत्रे करण्याचे प्रयत्न त्यांच्यापूर्वीही झाले होते. १८५० साली जोएल हॉटन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने हाताने फिरवावयाचे एक लाकडी यंत्र तयार केले होते. ते भांड्यांवर पाणी उडवी, परंतु भांडी काही नीट स्वच्छ होत नसत. जोसेफीनबाईंनी निराळा विचार केला. भांडे आपल्या जागी घट्ट बसले, तर ते आपटणार नाही. आणि साबणाचे कढत पाणी त्यावर जोराने मारले, तर घासण्याची गरजच उरणार नाही. त्यांनी आपल्या कपांची, बशांची आणि ताटल्यांची मापे घेतली व त्या मापांप्रमाणे तारेचे कप्पे आखले. हे कप्पे एका आडव्या चाकावर बसवावयाचे, चाक तांब्याच्या मोठ्या हंड्यात ठेवावयाचे, आणि चाक फिरू लागले की खालून गरम पाण्याचे फवारे भांड्यांवर सोडावयाचे, अशी ही योजना होती.

ही योजना आकार घेत असतानाच त्यांच्यावर आकाश कोसळले. १८८३ साली विल्यम कॉक्रन मृत्यू पावले. त्यांच्या मागे रोख रक्कम उरली ती सुमारे दीड हजार डॉलर, आणि कर्ज होते त्याहून अधिक. कालपर्यंत जो हौसेचा विचार होता, तो आता पोटाचा प्रश्न झाला. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या विधवेसमोर दोनच मार्ग होते: नशिबाला बोल लावीत बसावे, किंवा हाती असलेली कल्पना तडीस न्यावी. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

घरामागील एका लहानशा छपरीत काम सुरू झाले. यंत्राचे भाग बनविण्यासाठी कारागीर हवे होते. परंतु एका बाईने यंत्र कसे करावे हे सांगावे, ही गोष्ट पुष्कळ कारागिरांच्या गळी उतरेना. ते आधी आपल्या मनाप्रमाणे करून पाहत, आणि ते साधले नाही म्हणजे मग बाईंच्या सांगण्याकडे वळत. यात वेळ जाई आणि पैसाही खर्च होई. या कामात त्यांना जॉर्ज बटर्स नावाच्या एका कुशल कारागिराचे मोठे साह्य झाले. अखेरीस यंत्र सिद्ध झाले. ३१ डिसेंबर १८८५ रोजी जोसेफीनबाईंनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना ते मिळाले. त्या पेटंटचा क्रमांक ३५५१३९ असा आहे.

यंत्र झाले, परंतु ते घेणार कोण? भांडवल पुरविण्यास तयार असलेल्या लोकांना कंपनीची सूत्रे एखाद्या पुरुषाच्या हाती असावीत असे वाटे. जोसेफीनबाईंनी ते मानले नाही. त्या स्वतः यंत्र विकण्यास बाहेर पडल्या. शिकागो शहरातील पामर हाउस या मोठ्या हॉटेलाने त्यांचे यंत्र घेतले. त्यानंतर त्या शर्मन हाउस या हॉटेलात गेल्या. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने पती किंवा पिता बरोबर नसताना अशा ठिकाणी जाण्याची त्या काळी रीत नव्हती. हॉटेलाच्या विस्तीर्ण दालनातून परक्या माणसांच्या नजरा झेलीत एकटीने चालत जाणे, हे त्यांना यंत्र तयार करण्याहूनही अवघड वाटले. पाय लटपटत होते, तरी त्या थांबल्या नाहीत. बाहेर आल्या त्या ८०० डॉलरची मागणी घेऊनच!

१८९३ साली शिकागो येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथील उपाहारगृहांत रोज हजारो लोक जेवीत. त्या स्वयंपाकघरांत जोसेफीनबाईंची नऊ यंत्रे काम करीत होती. मोठ्या यंत्रात अवघ्या २ मिनिटांत २०० हून अधिक भांडी धुऊन निघत. उत्तम बांधणी, टिकाऊपणा आणि कामाची उपयुक्तता यांबद्दल प्रदर्शनाच्या परीक्षकांनी या यंत्राला पारितोषिक दिले. त्यानंतर हॉटेलांबरोबरच रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्याकडूनही मागणी येऊ लागली. कारण कढत पाण्याने धुतलेली भांडी आरोग्याच्या दृष्टीनेही चांगली असतात.

मात्र जोसेफीनबाईंची एक इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. हे यंत्र घरोघरच्या गृहिणींच्या उपयोगी पडावे असे त्यांना वाटे. परंतु ते महाग होते. शिवाय त्याला लागणारे इतके गरम पाणी त्या काळच्या सामान्य घरांत मिळत नसे. ३ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शिकागो येथे त्यांचे निधन झाले. १९२६ साली त्यांची कंपनी होबार्ट या कंपनीने विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गरम पाण्याची सोय होत गेली, तसे हे यंत्र अमेरिकेतील स्वयंपाकघरांत शिरले. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानमंडळात त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.

आजच्या यंत्राचे रूप पुष्कळ बदलले आहे. जोसेफीनबाईंच्या यंत्रात भांड्यांचे चाक फिरे. आता भांड्यांची जाळी स्थिर असते आणि बारीक छिद्रे असलेले दांडे पाणी फेकीत स्वतःभोवती फिरतात. परंतु मूळ तत्त्व तेच आहे: प्रत्येक भांड्याला त्याची जागा आणि पाण्याला जोर. हे तत्त्व ज्याला कळले, त्याला यंत्राचा बिघाडही बहुधा कळतो. भांडी अस्वच्छ निघू लागली की मनाशी विचारावे, पाण्याचा जोर कोठे अडला? कधी तळाच्या गाळणीत अन्नकण साठलेले असतात, कधी पाण्यातील क्षार धरल्याने दांड्याची छिद्रे बुजलेली असतात, तर कधी एखादे उंच भांडेच दांड्याला फिरू देत नाही. अशा वेळी वडील माणसांनी प्रथम विजेची पिन काढावी, गाळणी नळाखाली मऊ ब्रशाने धुवावी, छिद्रांतील कण लाकडी काडीने काढावे. क्षार धरले असतील तर दांडा पातळ शिरक्यात भिजत ठेवावा. एवढ्याने पुष्कळदा काम होते. मोटार व विजेच्या तारा यांना मात्र जाणत्या कारागिरानेच हात लावावा.

मुलांनो, घरात एखादी वस्तू फुटली किंवा बिघडली, की हे कोणी केले, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. जोसेफीनबाईंनीही आरंभी तेच केले होते. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. हे का घडले, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, मापे घेण्यासाठी कप हातात घेतला, आणि संकट आले तरी तो प्रश्न सोडला नाही. पहिल्या प्रश्नाने नोकरांना बोलणी बसली. दुसऱ्या प्रश्नाने जगभरच्या असंख्य हातांचे कष्ट हलके झाले.