कुबड्यांपासून साखळीपर्यंत

पाच मार्कांसाठी आपण जी मार्कोव्ह चेन घोकतो, ती शोधणारा माणूस लहानपणी कुबड्या घेऊन चालायचा, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

आंद्रेई मार्कोव्हचा जन्म १८५६ साली रशियातल्या रियाझान इथे झाला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला कुबड्यांशिवाय चालता येत नसे. मग ऑपरेशन झालं आणि कुबड्या सुटल्या. शाळेत गणित सोडून बाकी विषयांत गडी जेमतेमच! पण सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात चेबिशेव्हसारखे गुरू भेटले आणि पुढे तो तिथेच प्रोफेसर झाला. स्वभावाने तापट. १९०८ मध्ये सरकारने प्राध्यापकांना विद्यार्थ्यांवर नजर ठेवायला सांगितलं, तेव्हा त्याने चक्क नकार दिला.

१९०६ मध्ये त्याने मांडलेली कल्पना साधी आहे. पुढे काय होणार याची शक्यता फक्त आत्ताच्या स्थितीवरून ठरते. तिथवर आपण कसे पोचलो, यावरून नाही. १९१३ मध्ये त्याने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं मोजली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता निघाली ०.१२८, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. १९२२ मध्ये तो वारला.

आज हीच साखळी सांध्यांच्या डॉक्टरांच्या कामी येते. सोरायसिसबरोबर येणाऱ्या संधिवाताचे रुग्ण टोरांटोच्या एका क्लिनिकमध्ये १९७८ पासून वर्षानुवर्षं तपासले गेले. कायमचे बिघडलेले सांधे मोजून चार पायऱ्या केल्या: एकही नाही, १ ते ४, ५ ते ९, आणि १० किंवा जास्त. रुग्ण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर किती वेगाने जातो, हे त्या नोंदींवरून काढलं. ज्यांचे सुरुवातीलाच बरेच सांधे सुजलेले होते, ते पुढे लवकर सरकले. असा रुग्ण आधी ओळखता आला, तर सांधा कायमचा जायच्या आत उपचार वाढवता येतात.

अर्थात, सांधा आपलं जुनं दुखणं सहज विसरत नाही. म्हणून पूर्वीची सूजही आत्ताच्या स्थितीतच धरावी लागते.

मित्रांनो, मॅट्रिक्समधली ती एक संख्या म्हणजे कुणाचा तरी गुडघा असू शकतो. मार्कोव्हला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.