सालबाईचा तह घडविणारे महादजी शिंदे

मांडवगण फराट्याकडील जी मंडळी पुण्यास जातात त्यांस वानवडीची शिंदे छत्री ठाऊक असेल. ती महादजी शिंदे यांची. १७६१ साली पानिपतावर त्यांचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान नामक भिस्त्याने त्यांस वाचविले, व त्यास ते पुढे भाऊ मानीत.

१७७५ साली राघोबादादांचा पक्ष घेऊन इंग्रज मराठ्यांशी लढू लागले. १७७८ साली अमेरिकेतील बंडावरून फ्रान्सही इंग्लंडाशी लढू लागला, इकडे हैदरअली उठला, आणि आपल्या मुलखातील लढाई जगभरच्या युद्धात मिसळली. १७७९ साली वडगावास इंग्रज नमले. पण पुढल्याच वर्षी त्यांनी महादजींचे ग्वाल्हेर घेतले. उभय पक्ष थकले. तेव्हा महादजींनी मध्यस्थी पत्करून १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह ठरविला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली. राघोबादादांस दरमहा २५,००० रुपये नेमून इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. महादजींस स्वतः भडोच मिळाले, हेही सांगितले पाहिजे. हैदराशी सख्य असल्यामुळे नाना फडणीस डिसेंबरापर्यंत मान्यता देईनात.

युरोपातील तह त्यानंतर, १७८३ साली झाले. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारले; त्यांनी जुळविलेला सलोखा १८०३ पर्यंत टिकला.