मोजणाऱ्यांचीही पारख करणारा

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्ता येथे झाला. केंब्रिज येथे पदार्थविज्ञानाचे अध्ययन करून ते मायदेशी परतले व प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले; परंतु त्यांचे मन संख्याशास्त्रात रमले. १९३१ साली त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली.

त्या काळी बंगालमध्ये पिकांचे आकडे पुष्कळदा केवळ अदमासाने ठरत. अशा आकड्यांवर धोरण आखले, तर हानी शेतकऱ्याचीच. १९३७ पासून महालनोबिस यांनी तागाच्या लागवडीची नमुना पाहणी हाती घेतली. प्रत्येक शेत मोजण्याऐवजी यदृच्छया निवडलेल्या थोड्या जागा पाहावयाच्या व त्यांवरून साऱ्या प्रांताचे अनुमान करावयाचे, अशी ही रीत होती.

तथापि पाहणी करणारा माणूसही चुकतो, हे ते जाणून होते. म्हणून एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते निरनिराळ्या पथकांकडे सोपविण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. दोहोंच्या उत्तरांत मोठी तफावत दिसली, की पाहणीतच दोष शिरल्याचे उघड होई. १९४३ च्या दुष्काळानंतर ग्रामीण बंगालची दैना जाणून घेण्यासाठीही त्यांनी नमुना पाहणीच योजिली. पुढे १९५० साली त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

२८ जून १९७२ रोजी ते निवर्तले. दुसऱ्यांच्या अन्नाचा हिशेब ठेवणाऱ्याने आपले मापही तपासून पाहावे, हाच त्यांच्या जीवनकार्याचा बोध होय.