सायकलपटू अल्फोन्सिना स्ट्राडा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. बहुधा राण्यांची, संत स्त्रियांची किंवा समाजसेविकांची चरित्रे आपण वाचतो. आज मी जिची हकीकत सांगणार आहे ती राणी नव्हती की विदुषी नव्हती. शेतमजुराच्या पोटी जन्मलेली आणि कपडे शिवून पोट भरणारी ती एक बाई होती. परंतु शंभर वर्षांपूर्वी पुरुषांच्या सायकल शर्यतीत, वादळवाऱ्यात आणि चिखलात, ती शेवटपर्यंत टिकून राहिली. तिचे नाव अल्फोन्सिना स्ट्राडा. देश इटली.

अल्फोन्सिनाचा जन्म 16 मार्च 1891 रोजी मोडेना शहराजवळच्या एका खेड्यात झाला. माहेरचे आडनाव मोरिनी. आईबाप दोघेही रोजंदारीने शेतात राबत. घरात अक्षर नाही, पोरे पुष्कळ आणि खाणारी तोंडे पाहून चूल पेटवायची, असा तो संसार होता. आपल्या वऱ्हाडातल्या मजुरांच्या घरी काही निराळे नव्हते.

ती दहा वर्षांची असताना बापाने एक जुनी मोडकी सायकल घरी आणली. गावच्या डॉक्टरला दहा कोंबड्या देऊन ती घेतली, असे सांगतात. बापाने सायकल आणली कामावर जाण्यासाठी, पण तिच्यावर जीव जडला मुलीचा. थोड्याच दिवसांत ती अशी सायकल पळवू लागली की गावातल्या बाया दारात उभ्या राहून नावे ठेवीत. मुलीच्या जातीने पाय फाकवून सायकलवर बसावे, हे त्या काळी तिकडेही कोणाला रुचत नव्हते. रविवारी चर्चला जाते असे घरी सांगून ती शर्यतीला जाई. तेराव्या वर्षी एका शर्यतीत तिला बक्षीस म्हणून जिवंत डुक्कर मिळाले. गरिबाच्या घरी ते मोठेच धन होते!

आईला वाटले, लग्न झाले की पोरीचे हे वेड सुटेल. तिला शिवणकाम शिकविले आणि 1905 साली, चौदाव्या वर्षी, लुईजी स्ट्राडा या कारागिराशी तिचे लग्न लावून दिले. पण नवराच असा भेटला की त्याने लग्नात बायकोला भेट दिली ती शर्यतीची नवी सायकल! लग्नानंतर दोघे मिलान शहरी राहू लागली. लुईजी स्वतः तिची तयारी करून घेई. नवऱ्याने पाठीशी उभे राहिल्यावर बाई किती पुढे जाते, हे यावरून दिसते.

यानंतर अल्फोन्सिनाबाईंचे नाव होऊ लागले. 1909 साली त्या रशियात सेंट पीटर्सबर्गला शर्यतीसाठी गेल्या आणि तेथे झार बादशहाच्या हस्ते त्यांना पदक मिळाले. 1911 साली त्यांनी एका तासात 37 किलोमीटरहून अधिक अंतर तोडले. 1917 साली लोम्बार्डी प्रांताच्या मोठ्या शर्यतीत त्या पुरुषांच्या बरोबरीने उतरल्या. पहिला आलेला गडी पोचल्यावर सुमारे दीड तासाने त्या पोचल्या, शेवटच्या आल्या. परंतु कितीतरी पुरुष वाटेतच शर्यत सोडून घरी गेले होते. पुढच्या वर्षी त्या पुन्हा उतरल्या आणि पुन्हा शर्यत पुरी केली.

त्यांच्या आयुष्यातला खरा कसोटीचा प्रसंग आला 1924 साली. इटलीत सर्व देशाला फेरी घालणारी एक मोठी शर्यत असते, तिला जिरो म्हणतात. त्या वर्षी पैशावरून वाद होऊन नामांकित सायकलपटू आलेच नाहीत. तेव्हा शर्यत भरविणाऱ्या वर्तमानपत्राने इतरांना बोलाविले. ज्याची त्याने सायकल आणावी, जेवणखाण व मुक्काम आमचा, असे जाहीर केले. अल्फोन्सिनाबाईंनी आपले नाव दिले. वर्तमानपत्रात ते छापताना शेवटचे अक्षर गळाले आणि अल्फोन्सिन असे पुरुषी नाव छापले गेले. ती चूक होती की मुद्दाम केलेली युक्ती, यावर आजही बोलणे होते. बाई शर्यतीत आहे हे उघड झाले तोवर शर्यत तोंडावर आली होती. त्यांचा नंबर होता 72.

त्या वेळी त्यांच्या घरची स्थिती काय होती, तेही सांगितले पाहिजे. ज्या लुईजीने त्यांना हौसेने सायकल दिली होती, त्याचे मन आजारी झाले होते आणि त्याला इस्पितळात ठेवावे लागले होते. तो खर्च बाईंच्याच शिरावर होता. म्हणजे ही नुसती हौस नव्हती, संसाराचाही प्रश्न होता.

10 मे रोजी मिलानहून 90 जण निघाले, त्यांत बाई ही एकटीच. बारा टप्पे, एकंदर 3,613 किलोमीटर. एका दिवसाचा टप्पा तीनशे किलोमीटरच्या घरात. अमरावतीहून अकोल्याला जावे, तेथून परत यावे आणि पुन्हा अकोल्याला जावे, तेवढे अंतर एका दमात! सायकली जड, आजच्यासारखे गिअर नाहीत, रस्ते मातीचे नि खडीचे. जादा टायर खांद्यावर अडकवायचे आणि पंक्चर झाले तर आपणच बसून काढायचे. दर टप्प्याला किती वेळात पोचावे हे ठरलेले असे. रोमपर्यंत आणि त्याच्याही पुढे बाई त्या वेळेत पोचत राहिल्या. रोज कोणी ना कोणी पुरुष गळत होता. लोक मात्र रस्त्याच्या दोहों बाजूंना बाईंनाच पाहायला उभे राहत.

मग आला आठवा टप्पा, लाक्विला ते पेरूजा, 296 किलोमीटर, सगळा डोंगराचा मुलूख. मे महिन्यात आपल्याकडे डोक्यावर आग पडते, पण तिकडे त्या दिवशी धो धो पाऊस आणि सोसाट्याचा वारा होता. रस्त्याचा चिखल झाला. आपल्या काळ्या मातीत सायकल घातली तर मडगार्डात चिखल कसा थापला जातो आणि चाक कसे फिरेनासे होते, हे वावरात जाणाऱ्या बाईला सांगायला नको. त्या चिखलात बाई पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. एका पडण्यात सायकलचे हँडलच मोडले. आता काय करावे? जवळ मेकॅनिक नाही, माणूस नाही. तेव्हा एका शेतकरणीने आपल्या घरच्या झाडूचा लाकडी दांडा मोडून दिला. तो मोडक्या हँडलला बांधून बाई पुढे निघाल्या आणि पेरूजाला पोचल्या. पण ठरलेली वेळ टळून गेली होती.

पंचांमध्ये वाद झाला. काहींचे म्हणणे, अशा तुफानात आलेल्या बाईला सवलत द्यावी. काही म्हणाले, नियम म्हणजे नियम. अखेर त्यांचे नाव गणतीतून काढण्यात आले. परंतु शर्यतीचा प्रमुख एमिलिओ कोलोंबो याने त्यांना पुढचे टप्पे चालविण्याची मुभा दिली आणि त्यांच्या मुक्कामाचा खर्च पत्करला. त्यात त्याचा स्वार्थही होता, कारण बाईंमुळे त्याच्या वर्तमानपत्राचा खप होत होता. तरी त्याने दार बंद केले नाही, हे खरे.

आता नंबर मिळणार नाही, नाव लागणार नाही. अशा वेळी आपल्यापैकी किती जणी पुढे गेल्या असत्या? बाई गेल्या. बोलोन्याहून फ्यूमेचा टप्पा तर चारशे किलोमीटरहून मोठा होता. सुमारे एकवीस तास सायकल चालवून, अंग ठेचाळलेले आणि डोळ्यांत पाणी अशा स्थितीत त्या पोचल्या, तेव्हा लोकांनी त्यांना सायकलवरून उचलून घेतले. 1 जून रोजी त्या मिलानला परतल्या. निघालेल्या 90 जणांपैकी शेवटपर्यंत गणतीत राहिले अवघे 30. पहिला नंबर जुझेप्पे एन्रीचीचा आला. बाईंना नंबर नाही. पण लोकांनी वर्गणी जमवून त्यांना 50 हजार लिरा दिल्या, आणि त्यांतून त्यांचा घरखर्च व नवऱ्याच्या इस्पितळाचा खर्च भागला.

पुढील वर्षांत जिरोने त्यांना पुन्हा नाव घालू दिले नाही. त्या इतर शर्यती करीत राहिल्या, सर्कशीत व नाटकगृहांत सायकलीचे खेळ दाखवून त्यांनी पोट भरले. लुईजीच्या निधनानंतर 1950 साली त्यांनी कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी विवाह केला आणि दोघांनी मिलानमध्ये सायकल दुरुस्तीचे दुकान चालविले. 1957 साली तेही गेले. बाई एकट्या दुकान सांभाळीत राहिल्या. 13 सप्टेंबर 1959 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, एक सायकल शर्यत पाहून त्या आपल्या मोटारसायकलवरून घरी आल्या. ती जड गाडी उभी करताना हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. बायकांसाठी वेगळी जिरो शर्यत सुरू झाली ती 1988 साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. त्यांची सायकल आजही कोमो सरोवराजवळ माडोना देल गिझाल्लो येथे जपून ठेवलेली आहे.

मी सातवीपर्यंत शिकले. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती. घरात सायकल एकच, ती भावाची. मुलीने सायकल शिकावी असे कोणी म्हटले नाही आणि मीही मागितली नाही. कोणाला दोष देत नाही, तेव्हा तशी रीत होती. आता आपल्या महाराष्ट्रात अनेक तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी शासनाकडून सायकली मिळतात. सकाळी दोन वेण्या घातलेल्या मुली रांगेने सायकलवरून जाताना दिसल्या की मी दारातून पाहत राहते.

पण घराघरांत अजून असे होते की मुलीची सायकल भाऊ नेतो, किंवा मुलगी वयात आली की सायकल पडवीत पडून राहते. म्हणून माझी मंडळातील सर्व भगिनींना विनंती आहे की, आपल्या घरची मुलगी सायकल मागेल तेव्हा तिला नाही म्हणू नका. ती पडली, उशिरा पोचली, पहिला नंबर आला नाही, तरी रागावू नका. आणि शेजारची मुलगी वाटेत अडलेली दिसली तर त्या शेतकरणीप्रमाणे घरात जे असेल ते घेऊन बाहेर या.