पहिल्या भिंगाने दिला मायनस अठरा नंबर

चष्म्याचा नंबर मायनस आठ-दहा असेल आणि लेसरसाठी बुबुळाची जाडी पुरेशी नसेल, तर आज डोळ्यात भिंग बसवून घेण्याचा पर्याय डॉक्टर सुचवतात. यात डोळ्याचे स्वतःचे भिंग काढत नाहीत. त्याच्या पुढे एक पातळ, मऊ भिंग बसवले जाते आणि चष्मा सुटतो. या शस्त्रक्रियेची मुळे शोधत मागे गेले की आपण सर हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यचिकित्सकापाशी पोहोचतो. गंमत अशी की त्यांनी बसवलेल्या पहिल्या भिंगाने मायनस नंबर घालवला नव्हता, उलट भलामोठा मायनस नंबर आणला होता.

रिडली यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात झाला. वडीलही डोळ्यांचे डॉक्टर होते. केंब्रिज आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण झाल्यावर १९३८मध्ये ते मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या प्रसिद्ध रुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

१५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानावर गोळ्या लागल्या आणि वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आच्छादन फुटले. हे आच्छादन काचेचे नव्हते, पर्स्पेक्स या कडक प्लास्टिकचे होते. त्याचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला, दुसरा वाचला. चेहरा आणि डोळे मिळून त्याच्यावर १८ शस्त्रक्रिया झाल्या. अशा वैमानिकांचे डोळे तपासताना रिडली यांना एक गोष्ट जाणवली. डोळ्यात धातूचा कण राहिला तर डोळा लाल होतो, सुजतो, कधी निकामीही होतो. पर्स्पेक्सचे कण मात्र आत राहूनही डोळा शांत होता.

युद्धकाळात ते सैन्याबरोबर परदेशी गेले. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, काळ्या माशीच्या चावण्यातून पसरणाऱ्या आणि अंधत्व आणणाऱ्या ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या रोगाचा त्यांनी अभ्यास केला. जपानी छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांची कुपोषणाने मंदावलेली दृष्टीही त्यांनी तपासली. पण पर्स्पेक्सची नोंद डोक्यातून गेली नाही.

त्या वेळी मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे गढूळ झालेले भिंग काढून टाकणे, एवढेच होते. त्याच्या जागी काहीच बसवत नसत. मग रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत आणि कडेचे दिसत नसे. आपल्याकडेही असे चष्मे लावलेले आजी-आजोबा अनेकांनी पाहिले आहेत. १९४८ साली रिडली यांचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी नवे का बसवत नाही? प्रश्न साधा होता, पण तो योग्य माणसाला विचारला गेला.

रिडली यांनी रेनर या चष्म्याची भिंगे बनवणाऱ्या कंपनीकडून शुद्ध पर्स्पेक्सचे भिंग तयार करून घेतले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. भिंग कायमचे बसले ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी. डोळ्याने भिंग स्वीकारले, पण नंबर निघाला सुमारे मायनस अठरा! कारण भौतिकशास्त्राचे होते. रिडली यांनी नैसर्गिक भिंगाचा आकार जवळपास जसाच्या तसा घेतला होता. पण पर्स्पेक्स प्रकाशकिरण नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वाकवते. त्यामुळे किरण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचण्याआधीच एकत्र येत होते. लघुदृष्टी म्हणजे नेमके हेच. पुढे भिंगाची वक्रता बदलून त्यांनी हा दोष कमी करत नेला.

हे काम त्यांनी गुप्त ठेवले होते. अनेक रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवून मगच ते जाहीर करण्याचा त्यांचा बेत होता. पण फ्रेडरिक रिडली नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ लंडनमध्ये होते. नावाच्या घोटाळ्यातून एक रुग्ण त्यांच्याकडे गेला आणि गुपित फुटले. अखेर जुलै १९५१मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडली यांनी आपले काम मांडले आणि सोबत रुग्णही नेले. ब्रिटनमधील त्या काळचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनी ते रुग्ण पाहण्यासही नकार दिला. पुढच्या वर्षी शिकागोतही कडाडून विरोध झाला. डोळ्यात गेलेली बाहेरची वस्तू काढायची, हे नेत्रशल्यचिकित्सकांच्या पिढ्यांना शिकवलेले. हा माणूस ती मुद्दाम आत ठेवत होता.

टीकाकार सर्वस्वी चुकीचे होते असेही नाही. पहिली भिंगे जड होती, काही जागेवरून सरकली. काही डोळ्यांत दाह झाला, काहींत काचबिंदू झाला आणि काही भिंगे काढावी लागली. याच काळात इटलीचे स्ट्रॅम्पेली आणि स्पेनचे बॅराकेर यांनी कल्पना पुढे नेली. मोतीबिंदू नसलेल्या डोळ्यात, नैसर्गिक भिंग तसेच ठेवून, केवळ मायनस नंबर घालवण्यासाठी त्यांनी भिंगे बसवली. सुरुवातीला निकाल छान दिसले. काही वर्षांत मात्र बुबुळाच्या आतल्या थरातील पेशी झिजू लागल्या. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. बॅराकेर यांना निम्म्याहून अधिक भिंगे काढावी लागली आणि हा मार्ग बराच काळ मागे पडला. १९८६च्या सुमारास मॉस्कोत फ्योदोरोव यांनी परितारिकेच्या, म्हणजे डोळ्यातील रंगीत पडद्याच्या, मागे बसणारे भिंग वापरले. आजची भिंगे बहुतेक त्याच जागी बसतात.

रिडली १९७१मध्ये रुग्णालयातून निवृत्त झाले. तोवर मोतीबिंदूनंतर भिंग बसवण्याला मान्यता मिळू लागली होती. १९८६मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे त्यांना स्वतःलाच मोतीबिंदू झाला आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत सेंट थॉमसमध्येच भिंगे बसवली गेली. ‘सर’ हा किताब मिळाला २००० साली, वयाच्या ९३व्या वर्षी. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२पासून स्वस्त भिंगे बनवायला घेतली आणि रिडली यांची कल्पना गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोहोचली.

मायनस नंबरासाठी भिंग बसवू पाहणाऱ्यांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मोजमाप. वय साधारण २१च्या पुढे हवे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. बुबुळामागची जागा सुमारे तीन मिलिमीटर खोल हवी, आणि आतल्या थरातील पेशींची मोजणी झालेली असावी. भिंग नैसर्गिक भिंगाच्या फार जवळ बसले तर मोतीबिंदूचा आणि फार पुढे आले तर डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. म्हणून भिंगाची लांबी प्रत्येक डोळ्याप्रमाणे निवडावी लागते. दुसरी, पाठपुरावा. स्ट्रॅम्पेली आणि बॅराकेर यांच्या रुग्णांतील दोष काही वर्षांनी दिसले. त्यामुळे चष्मा सुटला तरी दरवर्षीची तपासणी सुटत नाही. शिवाय नंबर गेला तरी लांबट झालेला डोळा लांबटच राहतो आणि पडदा सुटण्याचा धोकाही कायम असतो. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा ओढल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.